इनटेक मॅनिफोल्ड: आरसा नको, सांधा जुळवा

जुनी पद्मिनी, ॲम्बॅसेडर किंवा पेट्रोल जीप हौसेने सांभाळणाऱ्याला हा सल्ला कधी ना कधी मिळतोच: "इनटेक मॅनिफोल्ड आतून पॉलिश करून घ्या, गाडी उडेल." नंदुरबार जिल्ह्यात हा सल्ला जरा जास्तच मोहात पाडतो, कारण इथे गाडीची परीक्षा घाटात होते. शहाद्याहून तोरणमाळ, तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगाव, अक्कलकुव्याहून देवगोई घाटाने मोलगी. चढावर दम कमी पडला की मालक काहीही करून बघायला तयार होतो.

निकाल आधीच सांगून टाकू. कार्ब्युरेटरच्या जुन्या इंजिनाचा मॅनिफोल्ड आतून आरशासारखा केल्याने रोजच्या वापरात जाणवेल असा फायदा होत नाही. फायदा होतो तो मॅनिफोल्ड आणि हेडची तोंडे नीट जुळवल्याने, हवेची गळती बंद केल्याने आणि इंजिनाला बॉनेटखालच्या गरम हवेऐवजी बाहेरची हवा दिल्याने. पुढची यादी हे ध्यानात ठेवून वाचावी.

आधी थोडा हिशेब

पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना, ते सेकंदाला फार तर २७ लिटर हवा ओढते. ही हवा ३० मिलिमीटर व्यासाच्या, फूटभर लांबीच्या नळीतून गेली, तर खडबडीत ओतीव भिंत आणि गुळगुळीत भिंत यांच्यामुळे दाबात पडणारा फरक वातावरणाच्या दाबाच्या अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतो. नळी आखूड असते, म्हणून भिंतीच्या घर्षणाला फारसा वाव नसतो. हवेची खरी अडवणूक होते ती कार्ब्युरेटरच्या गळ्यात, वळणांवर, सांध्यातल्या पायरीवर आणि व्हॉल्व्हच्या तोंडाशी.

आता दुसऱ्या बाजूचे आकडे बघा. इंजिनात शिरणारी हवा २० अंशांनी जास्त गरम असेल, तर तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. शहाद्याच्या सपाटीवरून सुमारे ११५० मीटर उंचीच्या तोरणमाळला पोहोचेपर्यंत हवा साधारण ९ टक्क्यांनी विरळ होते. या दोन आकड्यांपुढे पॉलिशचा फायदा कुठे हरवतो ते शोधावे लागेल.

काय करावे

१. आपल्या इंजिनाला सुटा मॅनिफोल्ड आहे का, ते पाहावे. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमधले २१९९ सीसीचे हरिकेन इंजिन 'एफ-हेड' जातीचे. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आणि इनटेकची वाट हेडच्याच ओतकामात. कार्ब्युरेटर थेट हेडवर बसतो. म्हणजे उतरवून पॉलिश करायला वेगळा मॅनिफोल्डच नाही. त्याआधीच्या विलीज जीपच्या 'गो-डेव्हिल' इंजिनाला मात्र सुटा मॅनिफोल्ड असतो. गॅरेजवाल्याने हरिकेनच्या मॅनिफोल्ड पॉलिशचा भाव सांगितला, तर तो नेमके काय उतरवणार आहे, हे आधी विचारावे.

२. गळती आधी शोधावी. गाडी स्लोवर ठेवा. हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी धरा आणि दुसरे टोक मॅनिफोल्डच्या सांध्यावरून हळूहळू फिरवा. जिथे इंजिन हवा खात असेल, तिथे सुस्कारा स्पष्ट ऐकू येतो. कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारूनही कळते, कारण गळतीपाशी इंजिनाचा आवाज लगेच बदलतो. पण खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून फवारा इंजिन गार असतानाच, थेंबभरच आणि आग विझवायची सोय हाताशी ठेवूनच मारावा. स्लो नीट न राहणे, चढावर मिसिंग, सायलेन्सरमध्ये फटाके या तक्रारींचे मूळ बऱ्याचदा इथेच सापडते.

३. तोंडे जुळवावीत. नवे गॅसकेट हेडवर बसवून पोर्टची कड आखा. तेच गॅसकेट मॅनिफोल्डवर लावून तिथेही आखा. दोन्ही आखण्या एकमेकींवर ठेवल्या की कुठे धातू आत आला आहे ते दिसते. कधी बोल्टच्या भोकांत ढिलाई असते, तर कधी गॅसकेटच पोर्टच्या आत डोकावत असते. आत आलेला धातू गोल कानशीने काढा आणि सांध्यापासून आत १० ते १५ मिलिमीटरपर्यंत उतार हळूहळू मिसळून टाका. मॅनिफोल्डचे तोंड हेडच्या तोंडाएवढे किंवा केसभर लहान असावे, मोठे कधीच नको. मोठ्या तोंडातून आलेली हवा हेडच्या कडेवर आपटते, लहान तोंडातून आलेली सहज आत सरकते.

४. ओतकामातली घाण काढावी. साच्याच्या सांध्यावर राहिलेली धातूची रेघ, वाळूचा खडा, पूर्वीच्या वेल्डिंगची गाठ हे सगळे काढण्यासारखे आहे. जुन्या मॅनिफोल्डच्या आतल्या बाजूला काजळी आणि तेलाचा चिकट थर असतो, तो धुऊन काढल्यानेही वाट मोकळी होते.

५. शेवटचा हात ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरचा द्यावा, त्यापुढे जाऊ नये. कार्ब्युरेटर पेट्रोलची वाफ देत नाही, थेंब देतो. त्यातले काही थेंब भिंतीला लागून ओला पापुद्रा बनतात. अनुभवी मिस्त्री भिंत मुद्दाम किंचित खरखरीत ठेवतात, म्हणजे हा पापुद्रा एका धारेने खालच्या सिलिंडरकडे न पळता हवेत पुन्हा मिसळतो. थंडीच्या सकाळी, चोक ओढलेला असताना, याचे महत्त्व जास्त.

६. बसण्याची कड सपाट आहे का, ते तपासावे. सरळ पट्टी आणि फीलर गेज घ्या. ०.१० मिलिमीटरची पाती खालून जात असेल, तर मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे फेसिंगला द्यावा. मात्र ॲम्बॅसेडरसारख्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, शेजारीशेजारी असतात. जिथे एकच जाड वायसर दोन्हींच्या कडा एकदम दाबतो, तिथे फेसिंगनंतर दोन्ही कडांची जाडी सारखी राहिली पाहिजे. एक कड पातळ झाली की वायसर तिरका बसतो आणि नव्या गॅसकेटसकट गळती पुन्हा सुरू होते. म्हणून अशा इंजिनात फेसिंग दोन्हींना एकत्र जोडूनच करून घ्यावे.

७. नट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आवळावेत. इंजिन एकदा पूर्ण तापून गार झाले की पुन्हा पाना फिरवावा. गॅसकेट दबते आणि पहिल्या दिवशीचा ताण दुसऱ्या दिवशी उरत नाही.

८. इंजिनाला बाहेरची हवा द्यावी. एप्रिल-मे महिन्यांत तापी काठावर पारा चाळिशी ओलांडतो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त गरम असते. एअर फिल्टरला नळी जोडून तिचे तोंड ग्रिलमागे, रेडिएटरच्या बाजूला काढले, तर इंजिनाला बाहेरची हवा मिळते. पॉलिशच्या मजुरीपेक्षा हा खर्च कमी आणि फायदा मोठा. एकच काळजी घ्यावी: तोंड हेडलाइटच्या खाली नेऊ नये. पावसाळ्यात फरशी पुलावरच्या पाण्यातून गाडी काढताना तेच पाणी इंजिनात शिरेल.

९. तेलाचा एअर फिल्टर वेळेवर साफ करावा. जुन्या जीपमध्ये हा फिल्टर सर्रास असतो. तळाशी चिखल साचला की तेलाची पातळी वर चढते आणि हवा अडते. कच्च्या रस्त्यावर गाडी चालत असेल, तर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरची वाट न बघता तेल बदलावे.

१०. कार्ब्युरेटरची बटरफ्लाय हलवून पाहावी. तिचा दांडा बुशमध्ये खडखडत असेल, तर तिथूनही हवा शिरते. बुश नवी बसवून घ्यावी. दांडा झिजलेला असताना मॅनिफोल्ड पॉलिश करणे म्हणजे गळक्या भांड्याला कल्हई लावणे.

११. इथेनॉल लक्षात ठेवून जेट तपासावे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. उसाच्या शहादा तालुक्याला इथेनॉलचे अप्रूप नाही, जुन्या कार्ब्युरेटरला मात्र ते नवे आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. म्हणजे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडते. प्लग काढून बघा. टोक पांढरे फटक असेल, तर जेट एक माप मोठे लागेल. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्यावा.

१२. आधी आणि नंतर मोजावे. ओळखीचा एक चढ ठरवा. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वरून ५० पर्यंत जायला किती सेकंद लागतात, ते शेजारी बसलेल्याने मोबाइलवर मोजावे. काम झाल्यावर तोच चढ, तीच वेळ, तेवढीच माणसे. मोजमापाशिवाय "पिकअप वाढला" हे वाक्य मजुरी दिल्यानंतर प्रत्येकाच्याच तोंडी येते.

काय टाळावे

१. आरशाचा मोह. बफिंग व्हीलने आतून चमकवलेला मॅनिफोल्ड टेबलावर देखणा दिसतो. इंजिनावर चढला की तो कोणालाच दिसत नाही, हवेलाही फरक पडत नाही. ॲल्युमिनियमचा भाग बाहेरून चकचकीत करण्याची हौस असेल तर जरूर करावी, ती गाडी नटवण्यात मोडते.

२. अर्ध्या ॲक्सिलरेटरच्या गाडीला शर्यतीचे उपाय. नंदुरबार ते नवापूर जाताना बटरफ्लाय बहुतेक वेळ अर्धवट बंद असते. म्हणजे हवा आपण स्वतःच अडवून धरलेली असते. त्यामागच्या भिंती कितीही गुळगुळीत केल्या, तरी बटरफ्लायला वळसा घालून हवा आत येणार नाही. चेन्नईजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर फियाट पळवणारे लोक पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर आणि चढ्या फेऱ्यांवर इंजिन चालवत. तिथे पोर्टवर केलेल्या कामाला अर्थ होता.

३. पोर्ट सरसकट मोठे करणे. भोक मोठे झाले की त्यातून जाणाऱ्या हवेचा वेग घटतो. कमी फेऱ्यांवर हाच वेग पेट्रोलच्या थेंबांना सोबत नेतो आणि सिलिंडर नीट भरतो. घाटात इंजिन २००० ते २५०० फेऱ्यांवर ओढत असते. तिथे पोर्ट मोठे केलेली गाडी आधीपेक्षाही मंद वाटते आणि एकदा काढलेला धातू परत बसवता येत नाही.

४. ॲम्बॅसेडरचा दोष खडबडीतपणावर ढकलणे. ॲम्बॅसेडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाची रचना ब्रिटनच्या बीएमसी कंपनीच्या 'बी-सिरीज'ची. त्यात चार सिलिंडरना इनटेकची दोनच तोंडे आहेत: पहिल्या-दुसऱ्याला एक, तिसऱ्या-चौथ्याला एक. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असल्याने एकाच तोंडावरचे दोन शेजारी लागोपाठ हवा ओढतात, मग बराच वेळ ते तोंड रिकामे राहते. त्यामुळे चारही सिलिंडरना मिश्रण अगदी सारखे मिळत नाही. हा रचनेचा स्वभाव आहे, कोणताही कागद घासून तो जात नाही. याच बीएमसी इंजिनांच्या हेडवर ब्रिटनमधले हॅरी वेस्लेक यांनी काम केले. त्यांनी ज्वलनकक्षाला हृदयासारखा आकार दिला आणि हवा कशी वळते याचा विचार केला. त्यांचे लक्ष आकारावर होते, चकाकीवर नव्हते.

५. पातळ भिंतीवर ग्राइंडर. हेडच्या पोर्टमागे पाण्याची वाट असते. ओतकामात भिंत कुठे जाड, कुठे पातळ हे बाहेरून दिसत नाही. ग्राइंडरने भोक पडले तर पाणी थेट सिलिंडरमध्ये. व्हॉल्व्ह गाइडच्या भोवतालचा उंचवटा आणि दोन सिलिंडरच्या वाटा वेगळ्या करणारी मधली भिंत यांना हात लावू नये.

६. इंजिनावर चढवलेला मॅनिफोल्ड घासणे. मॅनिफोल्ड उतरवूनच काम करावे आणि उतरवताच हेडची तोंडे स्वच्छ फडक्याने बंद करावीत. घासून झाल्यावर गरम पाणी, साबण आणि बाटली धुण्याच्या ब्रशने तीनदा धुवा, मग हवेचा झोत मारा. पांढरे फडके आत फिरवून काळा कण येत नाही याची खात्री होईपर्यंत बसवू नका. एमरीची चिमूटभर पूड रिंगा आणि लायनर खाऊन टाकते.

७. गरमाईची सोय तोडणे. अनेक जुन्या इंजिनांत एक्झॉस्टची ऊब इनटेकच्या तळाला मिळते, तर 'गो-डेव्हिल'मध्ये त्यासाठी स्प्रिंगची झडपच असते. पेट्रोलची वाफ व्हावी म्हणून ती आहे. तोरणमाळच्या डिसेंबरात ती नसेल, तर गाडी पहिली काही मिनिटे अडखळत चालते. झडप गंजून एका जागी अडकली असेल, तर सोडवून तेल द्यावे, कापून टाकू नये.

८. व्हेपर लॉकचा, म्हणजे तापलेल्या वाटेत पेट्रोलची वाफ होऊन ते अडल्याचा, राग मॅनिफोल्डवर काढणे. मे महिन्यात घाटात गाडी बंद पडली आणि इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकल्यावर सुरू झाली, तर दोष इंधनाच्या वाटेत आहे. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब न्यावी, मधे पत्र्याची आड लावावी, रेडिएटर आणि पंख्याचा पट्टा तपासावा.

९. डिझेल जीपचा इनटेक पॉलिश करणे. खेडोपाडी धावलेल्या महिंद्रा जीपपैकी खूपशा डिझेलवरच्या. डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये इंधन नसते, फक्त हवा असते. तिथे काजळी धुणे पुरेसे. काही जुन्या डिझेल इंजिनांत हवेच्या वाटेवर व्हेंचुरी असते आणि तिथून बारीक नळी पंपाच्या गव्हर्नरकडे जाते. या व्हेंचुरीचे माप बदलले किंवा ती नळी गळू लागली, तर गव्हर्नर फसतो आणि इंजिनाच्या फेऱ्या आवाक्याबाहेर जाऊ शकतात. तिला कानस लावू नये.

१०. सिलिकॉनचा मारा. सांध्यात बोटभर सिलिकॉन भरून गळती बंद केल्याचे समाधान काही दिवसच टिकते. पेट्रोलने ते फुगते, तुकडा सुटतो आणि आत ओढला जातो. कागदी किंवा धातूचे योग्य गॅसकेट आणि सपाट कड एवढेच लागते.

११. जुनेपणाची किंमत घालवणे. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते आणि तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी रोजच्या ये-जा किंवा भाड्यासाठी वापरता येत नाही. पद्मिनी नावाने आलेल्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी गाठली आहे. एमएच ३९ ची पाटी बदलून 'व्हीए' घ्यायचा विचार असेल, तर मूळ मॅनिफोल्ड, मूळ कार्ब्युरेटर आणि मूळ फिल्टर भंगारात घालू नयेत. प्रयोग करायचाच असेल, तर जुन्या बाजारातून दुसरा मॅनिफोल्ड आणून त्यावर करावा.

खर्च करायचा तर या क्रमाने

१. प्लग, पॉइंट, टायमिंग आणि टॅपेट कंपनीच्या मापावर आणावेत.

२. चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजावे. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खूप खाली असेल, तर आधी हेड उतरवावे. मॅनिफोल्डचा विषय तिथेच थांबतो.

३. एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर, नळ्या.

४. कार्ब्युरेटर उघडून साफ, बटरफ्लायची बुश, जेट. त्यानंतर पीयूसी केंद्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघून स्लोचा स्क्रू बसवावा. मिश्रण जाड आहे की नाही, हे ते यंत्र कानापेक्षा चांगले सांगते.

५. मॅनिफोल्डची कड सपाट, नवे गॅसकेट, गळती बंद.

६. बाहेरच्या हवेची नळी.

७. हेड काही कारणाने उतरलेच असेल, तर त्याच वेळी तोंडे जुळवून घ्यावीत आणि व्हॉल्व्ह ग्राइंडिंग करून घ्यावे. व्हॉल्व्ह आणि सीटच्या आसपासचा सेंटीमीटरभर भाग नीट झाला, तर तो फूटभर चमकवलेल्या नळीपेक्षा जास्त हवा आत घेतो.

हे सातही टप्पे झाल्यावर पैसे आणि उत्साह उरलाच, तर मॅनिफोल्ड बाहेरून पॉलिश करावा. आतल्या बाजूसाठी मजुरी मागणाऱ्याला चढावरचे सेकंद आधी मोजून द्यावेत आणि काम झाल्यावर त्याच्याचकडून पुन्हा मोजून घ्यावेत.